स्पॅनिशच्या पहिल्या पायरीवरच का थांबायचे?

भायखळ्याला परक्या भाषेचे वावडे कधीच नव्हते. मॅगन डेव्हिड सिनेगॉगमध्ये हिब्रू, मदनपुऱ्यात उर्दू, ग्लोरिया चर्चच्या आवारात कोकणी आणि इंग्रजी, गिरणी कामगारांच्या चाळींत घाटावरची आणि कोकणातली मराठी. अशा या भागातील आमची मुले-मुली आता स्पॅनिशसारख्या भाषेच्या वर्गांकडे वळू लागली आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु बहुतेकांची गाडी प्रमाणपत्राच्या पहिल्या वर्षापाशीच थांबते. नाव-गाव सांगता येते, शंभरपर्यंत आकडे येतात, भिंतीवर प्रमाणपत्र लागते आणि विषय संपतो. असे का होते, याचा समाजाने गांभीर्याने विचार करायला हवा.

प्रथम साधा हिशेब पाहू. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था आपल्या अधिकाऱ्यांना कामापुरती स्पॅनिश यावी म्हणून ६०० ते ७५० तासांचे वर्ग धरते. हे इंग्रजी मातृभाषा असणाऱ्यांसाठी, पूर्ण पगारावर, दुसरे काही काम न करता. आता आठवड्याला चार तासांचा वर्ग तीस आठवडे चालला, तर होतात १२० तास. म्हणजे पहिल्या वर्षाअखेर आपला विद्यार्थी जेमतेम पाचव्या हिश्शापर्यंत पोहोचलेला असतो. त्याची बुद्धी कमी पडली नाही, तास कमी पडले. दिवसा नोकरी, संध्याकाळी वर्ग, रात्री गर्दीच्या लोकलने घरी आणि एका खोलीत सहा माणसे. त्याला उरलेले पाचशे तास कोण देणार? ज्यांच्या घरी इंग्रजी शाळेपासून फ्रेंच-जर्मन चालत आले, त्यांना हा प्रश्न पडत नाही.

दुसरा अडथळा विद्यापीठांचा. विद्यार्थी नाहीत म्हणून वरचा वर्ग उघडायचा नाही आणि वरचा वर्ग नाही म्हणून विद्यार्थी टिकत नाहीत, असे हे चक्र आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिकवायच्या परदेशी भाषांत स्पॅनिशचे नाव आहे. पण ऐच्छिक विषयाच्या दोन-चार श्रेयांकांत भाषेची ओळख होते, भाषा येत नाही. चव दाखवायची आणि ताट काढून घ्यायचे, हा प्रकार आमच्या समाजाला नवा नाही.

तिसरा अडथळा आम्हांला सर्वांत अन्यायकारक वाटतो. स्पॅनिश शिकवली जाते इंग्रजीतून. ज्याचे इंग्रजी कच्चे, त्याला स्पॅनिश जमणार नाही असे आधीच ठरवून टाकले जाते. वस्तुस्थिती मात्र उलटी आहे. 'मला पुस्तक आवडते' असे आपण म्हणतो. स्पॅनिश माणूसही 'मे गुस्ता' म्हणजे 'मला आवडते' याच घडणीने बोलतो, इंग्रजीसारखा 'मी' पुढे करत नाही. 'चांगला मुलगा, चांगली मुलगी' हे विशेषणाचे लिंगानुसार बदलणे मराठी मूल आईच्या मांडीवर शिकते. स्पॅनिशमध्येही ते आहे. 'जातो', 'येते' म्हटले की कर्ता सांगावा लागत नाही, तसेच तिथेही. 'तू' आणि 'आपण' यांतला फरक तिथे 'तू' आणि 'उस्तेद' असा आहे. वरच्या वर्गात ज्या क्रियारूपाला विद्यार्थी घाबरतात, त्याचे बरेचसे काम आपल्या 'त्याने यावे, तिने शिकावे' या विध्यर्थासारखे आहे. मग महापालिकेच्या मराठी शाळेतून आलेल्या मुलीला ही भाषा मराठीच्या आधाराने का शिकवू नये? मराठीतून लिहिलेले स्पॅनिशचे चांगले व्याकरण ही आज आमच्या समाजाची खरी गरज आहे.

काही समाजबांधव विचारतील, पोटाचे प्रश्न असताना स्पॅनिशचे हे काय काढले? आम्ही त्यांना बाबासाहेबांकडे पाहायला सांगू. शाळेत त्यांना संस्कृत नाकारली गेली, पर्शियन घ्यावी लागली. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र, इतिहास, समाजशास्त्राच्या ढीगभर अभ्यासक्रमांबरोबर त्यांनी प्राथमिक फ्रेंच आणि प्राथमिक जर्मन यांचाही एकेक अभ्यासक्रम घेतला. पण ते प्राथमिकवर थांबले नाहीत. पुढे काही वर्षांतच त्यांनी जर्मनीतील बॉन विद्यापीठात नाव नोंदवले. उत्तर आयुष्यात पालीचा अभ्यास करून कोशाचे काम हाती घेतले. बाबासाहेबांसाठी भाषा म्हणजे मूळ ग्रंथापर्यंत मध्यस्थाविना जाण्याचा रस्ता होता.

स्पॅनिशच्या रस्त्यावर आपल्यासारखी माणसेही भेटतात. मेक्सिकोचे बेनितो ह्वारेझ १८०६ साली झापोटेक या मूलनिवासी जमातीत जन्मले, लहानपणीच पोरके झाले. बारा वर्षांचे होईपर्यंत त्यांना स्पॅनिश धड येत नव्हती. ती शिकून ते वकील झाले, १८५५ साली पाद्री आणि लष्कराच्या खास न्यायालयांचे अधिकार आवळणारा कायदा त्यांनी आणला आणि १८५८ साली राष्ट्राध्यक्ष झाले. ग्वाटेमालाच्या रिगोबेर्ता मेंचू यांची मातृभाषा माया कुळातली. स्पॅनिश शिकून त्यांनी आपल्या लोकांवरील अत्याचार जगाला सांगितले आणि १९९२ साली शांततेचे नोबेल मिळवले. राज्यकर्त्यांची भाषा शोषितांनी हत्यार म्हणून वापरली, ती अशी. आणि मराठी माणसाला ही भाषा पेलत नाही असेही नाही. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे १९२४ साली मेक्सिकोला गेले आणि चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिशाळेत प्राध्यापक झाले. २०२२ साली तिथे त्यांचा पुतळाही उभा राहिला.

आम्ही वकिली करतो म्हणून एक गोष्ट अधिक जाणवते. २००१ साली डर्बनच्या वंशवादविरोधी परिषदेत जातीचा प्रश्न जगापुढे मांडला गेला, तेव्हा तिथे लॅटिन अमेरिकेतील कृष्णवर्णीय आणि मूलनिवासी कार्यकर्तेही होते. त्याच वर्षी आंतर-अमेरिकी मानवी हक्क न्यायालयाने निकाराग्वाच्या आवास तिंग्नी या मूलनिवासी समूहाचा सामूहिक जमिनीवरील हक्क मान्य केला. गायरान आणि वनजमिनीसाठी लढणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी वाचावा असा हा निकाल आहे. स्पॅनिश ही संयुक्त राष्ट्रांच्या सहा अधिकृत भाषांपैकी एक. मग या माणसांशी दुभाष्याविना बोलणारे आपल्यात किती आहेत?

आता यंत्र भाषांतर करते, शिकायचे कशाला, असेही कानावर येते. यंत्र शब्द बदलून देईल. पण स्पॅनिशमध्ये आपल्यासाठी जुने शब्द आहेत 'पारिया' आणि 'इंतोकाब्ले'. पहिला तर बहिष्कृत माणसासाठी सर्रास वापरला जातो. त्या जागी 'दलित' आणि 'बौद्ध' हे शब्द त्यांच्या अर्थासह, इतिहासासह कोण बसवणार? ते काम त्या भाषेत वाद घालू शकणाऱ्या माणसाचे आहे आणि पहिल्या वर्षाच्या प्रमाणपत्राने ते होत नाही.

म्हणून आमच्या काही स्पष्ट सूचना आहेत. बारावीनंतर दिल्लीचे जवाहरलाल नेहरू विद्यापीठ आणि हैदराबादचे इंग्रजी व परदेशी भाषा विद्यापीठ येथे स्पॅनिशची पूर्ण पदवी घेता येते. दोन्ही केंद्रीय विद्यापीठे असल्याने अनुसूचित जातींना १५ टक्के आरक्षण आहे. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांनाही ते लागू आहे. केंद्राच्या नमुन्यातील दाखला आधीच काढून ठेवावा, ऐन प्रवेशाच्या वेळी धावपळ नको. दुसरे, माहितीच्या अधिकाराखाली विद्यापीठांना विचारावे की प्रत्येक परदेशी भाषेच्या प्रमाणपत्र, पदविका आणि पुढच्या वर्गात अनुसूचित जातींचे किती विद्यार्थी होते आणि किती गळाले. दहा रुपयांच्या स्टॅम्पचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर. आकडे हाती आले की वरचे वर्ग, संध्याकाळच्या वेळा आणि फीमाफी यांची मागणी नुसत्या भाषणावर उभी राहणार नाही. तिसरे, भायखळ्यापासून परळपर्यंतच्या विहारांनी वंदनेनंतरचे दोन तास भाषा शिकणाऱ्यांना द्यावेत. जी मुलगी पहिले वर्ष संपवून आली, तिने नव्यांना शिकवावे आणि स्वतः पुढचे वाचावे. दर रविवारी दोन तास धरले, तरी वर्षाला शंभर तास होतात. खिशाला न परवडणारे तास समाजाने मिळून उभे करायचे आहेत.

जयंतीच्या वर्गणीतून एक कपाट स्पॅनिश शब्दकोशांचे आणि पुस्तकांचे घ्यायला कोणत्या मंडळाची ना आहे?