गाण्यात नाव राहिले पाहिजे

आश्विन वद्य पंचमीला दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी गुरुकुंज मोझरीत जमलेला अफाट जनसमुदाय मौन पाळतो. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी याच वेळी राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी देह ठेवला. मोझरी गडचिरोली जिल्ह्यातल्या आपल्या वडशाहून बरीच लांब, अमरावती जिल्ह्यात. तरीही आपल्याकडच्या गावांतून भगव्या टोप्या घातलेली, महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाची माणसे त्या घटकेला हात जोडून उभी राहतात, आणि मौन सुटले की खंजिरी घेऊन भजनाला बसतात.

महाराज जन्माने अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचे. पण झाडीने, वैनगंगेकाठच्या आपल्या मुलखाने, त्यांना परके मानलेले नाही. तरुणपणी ते चिमूर तालुक्यातल्या जंगलात राहिले. गोंदेडा तपोभूमीवर लोक आजही श्रद्धेने जातात. १९४२ साली ‘चले जाव’ चळवळीत चिमूर पेटले त्यात त्यांच्या भजनांचा वाटा मोठा होता. १६ ऑगस्टला नागपंचमीच्या दिवशी उठाव झाला आणि २८ ऑगस्टला इंग्रज सरकारने त्यांना अटक करून आधी नागपूरच्या, मग रायपूरच्या तुरुंगात ठेवले. त्यांच्यापाशी एक खंजिरी आणि एक आवाज होता. सरकारला तेवढ्याची धास्ती वाटली, यावरून गाणे माणसांत कुठवर उतरले होते ते कळते.

त्यांना संत म्हणून आपण रोज आठवतो. कवी आणि गायक म्हणून फारसे आठवत नाही, ही उणीव आहे. मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत त्यांनी भजने रचली, स्वतः चाली लावल्या, स्वतः गायली. चाली अशा की पहिल्यांदा ऐकणाऱ्यालाही दुसऱ्या कडव्याला धृपद उचलता यावे. अक्षरओळख नसलेली बाई आणि शाळेतला पोरगा एकाच सुरात गाऊ शकत. त्यांच्या ग्रामगीतेच्या ४१ अध्यायांत गावाची सफाई, शेती, व्यसने, स्पृश्यास्पृश्यता हे सारे आले आहे. पण पोथी वाचण्याआधी यातले कितीतरी विषय भजनांतून गावात पोचलेले होते.

भजनाची जुनी रीत अशी की शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचे नाव येते. महाराजांचे गुरू आडकोजी महाराज. त्यांनी दिलेले ‘तुकड्या’ हेच नाव ‘तुकड्यादास’ होऊन भजनांत आले. गाणारा कोणीही असो, गाव कोणतेही असो, गाणे संपताना कवी स्वतः हजर असतो. लोककवी वामनदादा कर्डकांच्या गीतांतही ‘वामन’ असाच येतो. छापील पुस्तक नव्हते, ध्वनिमुद्रण नव्हते, तेव्हा या एका नाममुद्रेने कवीचे नाव गाण्यापासून तुटू दिले नाही.

वडशातच हे लिहावेसे वाटले, त्याला कारण आहे. धान निघाला की आपल्या गावाला वेगळीच जाग येते. झाडीपट्टी रंगभूमीच्या नाट्यमंडळांची कार्यालये इथे आहेत; मंडई म्हणजे गावजत्रा आणि शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती भरणाऱ्या गावांतून नाटके ठरवायला माणसे इथेच येतात. रात्री पडदा उघडतो तो पहाटे पडतो, आणि रात्रभराच्या त्या नाटकाचा निम्मा जीव गाण्यात असतो. २०२३ साली या रंगभूमीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा साऱ्या झाडीचा ऊर भरून आला. नटाचा असा सन्मान झाला, याचा आनंद आहेच. पण नाटकाच्या गाण्यात नाममुद्रा नसते. पात्राच्या तोंडचे पद पात्राचेच होऊन जाते. ते रचणारा माणूस, दिवसा शेतात किंवा शाळेत राबणारा, रात्री पेटीवर चाल बसवणारा, एक दिवस जातो. पुढल्या हंगामात त्याची चाल दुसऱ्या नाटकात वाजते आणि ती कोणाची, हे सांगणारे कोणी उरत नाही. दंडार आणि खडी गंमत या लोकनाट्यांच्या शाहिरांचेही तेच. श्रद्धांजलीचा फलक चौकात आठ दिवस राहतो. वह्या घरातल्या पेटीत वाळवीच्या तोंडी जातात.

गुरुदेव सेवा मंडळाने आपल्या कवीसाठी जे केले ते पाहा. भजने छापली, गावोगाव सामुदायिक प्रार्थनेला माणसे बसवली, पुढच्या पिढीच्या हातात खंजिरी दिली. वैनगंगेपलीकडे ब्रह्मपुरी तालुक्यातल्या अड्याळ टेकडीवर गीताचार्य तुकारामदादांनी हेच काम आयुष्यभर केले. झाडीच्या नाट्यगीतांसाठी असे काम करणारे कोणी हवे. नाट्यमंडळांनी यंदाच्या हंगामापासून भित्तिपत्रकावर नटनट्यांच्या शेजारी गीतकार आणि चाल लावणारा यांची नावे छापावीत, आणि नाटक सुरू होण्याआधी ती माईकवरून सांगावीत. गेलेल्या कवींच्या वह्या घरच्यांची परवानगी घेऊन उतरवून घ्याव्यात. गडचिरोलीत २०११पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. मराठीच्या विद्यार्थ्यांनी जुन्या पेटीवाल्यांसमोर बसून चाली मुद्रित कराव्यात. पेटीवाले वयाने थकले आहेत. हे काम येत्या मंडईआधी सुरू व्हायला हवे.