राज्य कोणावर?

मुलांनीं खेळावें हें मत आमच्या सुशिक्षित कुटुंबांत आतां वादावांचून मान्य झालेलें आहे. खेळानें शरीर कसतें, स्वभाव निवळतो, चार जणांशीं जुळवून घेण्याची सवय लागते, हें बालसंगोपनावरील बहुतेक पुस्तकें सांगतात आणि आईबाप तें मान डोलावून वाचतात. परंतु घरांतील एखादें मूल आंधळें, बहिरें, पांगळें, स्वमग्न किंवा बुद्धीनें मागें राहिलेलें असलें, कीं हें सर्वमान्य मत त्याच्या दाराशीं येऊन थबकतें. त्याला औषध हवें, व्यायाम हवा, शिक्षण हवें, सहानुभूति तर हवीच. खेळाविषयीं मात्र 'जमल्यास पुढें पाहूं.' सरकारदरबारीं अशा मुलास आतां 'दिव्यांग' म्हणतात. नांव बदललें, अंगणांतील त्याची जागा मात्र कडेच्या खुर्चींतच राहिली. त्याला त्या खुर्चींत बसविणारे हात निर्दय नसतात. ते आईबापांचेच असतात, आणि म्हणूनच त्यांच्याशीं वाद घालणें अवघड आहे. तरी तो घातला पाहिजे.

पहिला आक्षेप भीतीचा. मूल पडेल, त्याला लागेल. कांहीं मुलांच्या बाबतींत ही भीति खरी असते, हें कोणीही मान्य करील. ज्याचीं हाडें ठिसूळ आहेत, ज्याचें हृदय दुबळें आहे, ज्याला फेफरें येतें, त्याच्या खेळाची मर्यादा वैद्यानें ठरवावी. परंतु वैद्यानें एका झाडावर चढूं नये म्हणून सांगितलें, तर आम्ही अंगणच बंद करतों, हा कोठला न्याय? धडधाकट मुलाच्या गुडघ्यावरची खपली ही बाळपणाची खूण, आणि अपंग मुलाच्या गुडघ्यावरची खपली ही आईच्या हयगयीची, असा दुहेरी कायदा आम्हींच केला आहे. इंग्लंडांत लेडी ॲलन ऑफ हर्टवुड या बाईंनीं ह्या भीतीस कृतीनें उत्तर दिलें. त्यांच्या प्रयत्नांनीं १९७० सालीं लंडनच्या चेल्सी भागांत अपंग मुलांसाठीं साहसाचें क्रीडांगण उघडलें. त्यामागचा विचार साधा होता: जें मूल कधीं पडलेंच नाहीं, तें सावरायचें कसें शिकणार?

दुसरा आक्षेप अपमानाचा. इतर मुलें चिडवतील, खेळांत घेणार नाहींत, मग त्याच्या कोंवळ्या मनास घाव कशाला? मुलें चिडवतात, हें खोटें नाहीं. परंतु आमच्या मुलांनीं जे खेळ पिढ्यान् पिढ्या चालविले, त्यांकडे क्षणभर पाहावें. आंधळ्या कोशिंबिरींत डोळस मूल आपल्या डोळ्यांवर फडकें बांधून घेतें. लंगडींत दोन पायांचें मूल एक पाय उचलून धरतें. म्हणजे अंधत्व आणि पंगुत्व यांचीच गंमत करून मुलें मनमुराद खेळतात, आणि ज्या मुलास त्या गोष्टी जन्मापासून ठाऊक आहेत, तेंच बाहेर बसतें! शिवाय 'कच्चा लिंबू' ही आमच्या मुलांची जुनी वहिवाट आहे. लहानगें किंवा दुबळें मूल आलें, तर त्याला हांकलून न देतां त्याच्यापुरता नियम सैल करावयाचा, हें त्यांना कोणत्याही समितीनें शिकविलेलें नाहीं.

मोठ्यांनीं हेंच तत्त्व उशिरां शोधून काढलें. दुसऱ्या महायुद्धांत दृष्टि गमावलेल्या सैनिकांसाठीं हान्झ लोरेन्झन आणि सेप राइंडल या दोघांनीं १९४६ सालीं 'गोलबॉल' नांवाचा खेळ काढला. दोन्ही बाजूंस तीन तीन गडी, सर्वांच्या डोळ्यांवर सारखीच पट्टी आणि चेंडूच्या पोटांत घुंगूर. तेथें अंधाला कोणी सवलत देत नाहीं. खेळच असा रचलेला आहे कीं सवलतीचें कारण उरत नाहीं. जखमी सैनिकांच्या सुधारणेसाठीं हा खेळ जन्मला; परंतु लोक अद्याप तो खेळतात, ते त्यांत चुरस आहे म्हणून.

येथें आम्ही तिसऱ्या मताशीं येऊन पोंचतों. हें मत सर्वांत नवें, सर्वांत प्रतिष्ठित आणि आमच्या मतें सर्वांत घातक आहे. तें म्हणतें: खेळ हवाच, पण तो उपयोगाचा असावा. भीतिग्रस्त आईबाप निदान मुलाला खेळूं देत नाहींत, हें उघड दिसतें. हे आईबाप मात्र त्याला दिवसभर खेळणीं देतात आणि खेळ तेवढा काढून घेतात. सकाळीं भौतिकोपचार, दुपारीं वाचोपचार, सायंकाळीं व्यवसायोपचार. चेंडू फेकायचा तो खांदा मोकळा व्हावा म्हणून, मणी ओंवायचे ते बोटांची पकड सुधारावी म्हणून, झोक्यावर बसायचें तें तोल यावा म्हणून. किती वेळां फेकला, किती ओंवले, याची वहींत नोंद होते. अशा वेळीं मुलानें सहावा चेंडू न फेकतां पोटाशीं धरला आणि तें खुदकन हसलें, कीं आई म्हणते, "खेळूं नकोस, नीट कर." आमचा सारा वाद त्या एका वाक्याशीं आहे.

आम्ही उपचारांच्या विरुद्ध नाहीं. सेरेब्रल पाल्सीनें आखडणारे स्नायू वेळच्या वेळीं ताणले नाहींत, तर सांधे जखडतात. तेथें हयगय करणें हें मुलाशीं वैर करणें होय. परंतु उपचाराचें ध्येय दुसऱ्यानें ठरविलेलें असतें. खेळाचें ध्येय खेळणारा ठरवितो आणि लहर लागली कीं मोडूनही टाकतो. ज्या मुलास दुसरा उठवितो, दुसरा बसवितो, दुसरा न्हाऊं घालतो आणि दुसराच भरवितो, त्याला स्वतःच्या इच्छेनें वागण्याची दुसरी जागा कोणती? ती एवढी एक जागाही आम्ही वेळापत्रकांत बसविली, तर त्याच्या मालकीचें काय राहिलें? आमच्या धडधाकट मुलानें दुपारभर मातींत किल्ला केला आणि सायंकाळीं लाथेनें मोडला, तर त्यापासून कोणता स्नायू सुधारला असें त्याला कोणी विचारीत नाहीं. एखादें स्वमग्न मूल खेळण्यांतली गाडी उलटी धरून तिचें चाक तासभर फिरवीत बसलें, कीं मात्र त्याला खेळतां येत नाहीं असा निकाल आम्ही देऊन टाकतों. कारण गाडी कशी खेळावी हें आम्हीं आधींच ठरविलेलें असतें. त्याच्या हातांतून गाडी हिसकून ती सरळ करणाऱ्या बापापेक्षां, शेजारीं बसून दुसऱ्या गाडीचें चाक फिरवून पाहणारा बाप त्या मुलाच्या जगांत लवकर शिरेल.

सगळा दोष ह्या आईबापांच्या माथीं मारणें मात्र अन्यायाचें होईल. इस्पितळांच्या फेऱ्यांनीं थकलेल्या मातेस 'मुलाला खेळवा' असा फुकट उपदेश करणें सोपें आहे. तिनें मूल खालीं आणलें, तर चाकांची खुर्ची जाईल असा उतार सार्वजनिक बागेंत बहुधा नसतो, आणि बाकावर बसलेल्या इतर आया आपल्या मुलांस हळूच दुसरीकडे बोलावतात. तें बोलावणें मुलें विसरत नाहींत. १९८९ सालच्या बालहक्कांच्या संहितेनें ३१ व्या कलमांत खेळ हा मुलाचा हक्क म्हणून नोंदविला आणि भारतानें ती १९९२ सालीं मान्य केली. २००६ सालच्या अपंगांच्या हक्कांच्या संहितेच्या ३० व्या कलमानें इतर मुलांच्या बरोबरीनें खेळण्याचा हक्क अपंग मुलांस स्पष्ट शब्दांत दिला; तीही आपण २००७ सालीं स्वीकारली. २०१६ सालच्या आपल्या कायद्याचें १६ वें कलम शाळांस सांगतें कीं, अशा मुलांस शिक्षणाबरोबर खेळाची व करमणुकीचीही समान संधि द्या. कलमें भरपूर झालीं. परंतु बाकावरून उठून 'यालाही घ्या रे' असें म्हणावें, हें कोणतेंही कलम आमच्याकडून करवून घेऊं शकत नाहीं.

शेवटीं एक गोष्ट स्पष्टच सांगावयास हवी. 'कच्चा लिंबू' ही वहिवाट प्रेमळ असली तरी ती पहिली पायरी आहे, शेवटची नव्हे. कच्च्या लिंबावर राज्य येत नाहीं. तो बाद होत नाहीं. तो जिंकतही नाहीं. ज्याला हरतां येत नाहीं, तो खेळांत असून नसल्यासारखाच. म्हणून आमची मागणी दयेची नाहीं. नियम बदला, चेंडूंत घुंगूर घाला, धांवण्याऐवजीं सरपटण्याचा खेळ काढा, मैदानाला उतार करा; आणि एवढें केल्यावर त्या मुलास खेळांत घेऊन, त्याचा डाव गेला तर त्याच्यावर खुशाल राज्य येऊं द्या. तें रडेल, भांडेल, 'मी बाद नव्हतोंच' म्हणून अंगण डोक्यावर घेईल. त्याच्या आईबापांनीं त्या वेळीं मध्यें पडूं नये.