संघाबाहेर, वर्गाबाहेर नव्हे

शिरूर काय किंवा दौंड काय, कॉलेजच्या कबड्डी-संघातील मुलगा म्हणजे साऱ्या घराचे कौतुक. असा मुलगा मारामारीच्या फिर्यादीत सापडला, की वडीलधाऱ्यांची पहिली धाव प्रकरण मिटविण्याकडे असते. आणि स्पर्धा तोंडावर असली, की कॉलेजही पुष्कळदा काणाडोळा करते. आम्हांस हे दोन्ही मान्य नाही.

कुस्तीतले उदाहरण पाहा. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगर येथे ‘महाराष्ट्र केसरी’च्या मैदानात पंचांस लाथ मारल्याबद्दल शिवराज राक्षे यांस कुस्तीगीर संघाने तीन वर्षांची बंदी घातली. मल्ल आपल्याच पुणे जिल्ह्यातला, शिवाय पूर्वीचा महाराष्ट्र केसरी. तरी भीड धरली नाही.

कॉलेजनेही चौकशी चालू असेतोवर मुलास संघाबाहेर बसवावे. वर्गाबाहेर मात्र काढू नये; फिर्याद म्हणजे शिक्षा नव्हे.

लपवाछपवीचा हिशेब पुढे द्यावाच लागतो. राज्याच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. त्या आशेवरील मुलापुढे चारित्र्य-पडताळणीचा फॉर्म येतो, आणि गुन्हा दाखल आहे काय, असे त्यात विचारतात. अवतार सिंग खटल्यात २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की माहिती खरीच द्यावी. तरुणपणीच्या क्षुल्लक गुन्ह्याकडे नोकरी देणाऱ्यास दुर्लक्ष करता येते, परंतु जाणूनबुजून माहिती दडविल्यास नोकरी जाऊ शकते.

तेव्हा काकांनी ओळखीचा पुढारी गाठण्याऐवजी मुलास घेऊन प्राचार्यांकडे जावे. आजीची समजूत मागाहून घालता येईल.