अंबागडची विहीर आणि भुतांचा बाजार

इंग्लंडातील नॉटिंगहॅम शहरात किल्ल्याच्या खडकाला पाठ टेकून एक जुने मद्यगृह उभे आहे. ‘ये ओल्ड ट्रिप टू जेरुसलेम’ हे त्याचे नाव. त्याच्या भिंतीवर ११८९ हा सनही मोठ्या अक्षरांत रंगविलेला आहे. सध्याची इमारत सतराव्या शतकातली असावी, असे जाणकारांचे मत आहे. पण गिऱ्हाईक त्या मताकडे कशाला लक्ष देते? खडकात कोरलेल्या तेथील एका दालनात जहाजाची एक लाकडी प्रतिकृती टांगलेली असून तिच्यावर वर्षानुवर्षांची धूळ साचली आहे. ही धूळ ज्याने ज्याने पुसली तो अकस्मात मेला, अशी तेथील आख्यायिका. त्यामुळे जहाज पुसण्याचे धाडस कोणी करीत नाही आणि ते पाहावयास येणाऱ्यांची रीघही आटत नाही. भीतीचे रोकड उत्पन्नात रूपांतर करण्याची ही व्यापारी हुशारी इंग्रजांनाच साधावी! तिकडच्या गावोगावच्या जुन्या मद्यगृहांना स्वतःचे एखादे भूत असणे ही जवळजवळ प्रतिष्ठेची बाब झाली आहे.

आपल्याकडे भुते कमी आहेत असे नाही. पुण्याचा शनिवारवाडा घ्या. ३० ऑगस्ट १७७३ रोजी तेथे नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला आणि त्यांची ‘काका, मला वाचवा’ ही आर्त हाक रात्री अजून ऐकू येते, असे सांगणारे आजही पुष्कळ भेटतात. परंतु त्याच दिवशी धन्याच्या अंगावर स्वतःला झोकून देऊन चापाजी टिळेकर हा सेवकही गारद्यांच्या तलवारींखाली पडला. वाड्यातली आणखीही माणसे त्या कत्तलीत गेली. त्यांच्यापैकी कोणाचीही हाक कोणाला ऐकू येत नाही. भूत होण्यासाठीसुद्धा राजघराण्यात जन्म घ्यावा लागतो की काय, असा प्रश्न येथे पडल्यावाचून राहत नाही. १८२८ साली वाडा आगीच्या भक्ष्यस्थानी पडला. किंकाळी मात्र शाबूत राहिली, आणि सेवकांची नावे राहिली ती केवळ अभ्यासकांच्या टिपणांत.

हे सारे आठवण्याचे कारण आपल्या भंडारा जिल्ह्यातला अंबागड. तुमसर तालुक्यात, सातपुड्याच्या रांगेत, दाट झाडीने वेढलेल्या टेकडीवर हा किल्ला आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा याच्या अमदानीत, सन १७०० च्या सुमारास, राजाखान पठाण याने तो बांधला. पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि त्यांनी त्याचा तुरुंगासारखा वापर केला. किल्ल्याच्या आतल्या विहिरीचे विषारी पाणी कैद्यांना पाजीत आणि त्यांचा अंत घडवीत, अशी दंतकथा इंग्रजी अमदानीतल्या जिल्हा गॅझेटियरनेही नोंदविली आहे.

अशा ठिकाणी संध्याकाळी उभे राहिले की पाचोळा वाजला तरी पाऊल अडखळते, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. वटवाघळांची फडफड, पडके बुरूज, तोंडाशी झुडुपे माजलेली विहीर. मन कल्पना रचू लागण्यास आणखी काय हवे? पण क्षणभर थांबून विचार केला तर त्या विहिरीला ना पिशाच्चाची गरज उरते, ना विषाची. साचलेल्या, कुजलेल्या पाण्याने हगवण आणि पटकी होते. अर्धपोटी, कोंडलेल्या माणसाला तेवढे पुरते. दंतकथेत काही तथ्य असेलच, तर ते सत्तेने केलेल्या निर्घृणपणाचे आहे, आणि तो निर्घृणपणा जितीजागती माणसे करीत होती. कैदी कोण होते, कोणत्या गुन्ह्यासाठी आले, किती परतले, हा खरा प्रश्न ‘विषारी विहीर’ या दोन शब्दांत बुडून जातो. भुताची गोष्ट सांगितली की इतिहासाचे उत्तर देण्याच्या जबाबदारीतून सगळ्यांचीच सुटका होते, हे आम्हांला अधिक भयावह वाटते.

नॉटिंगहॅमचा गिऱ्हाईक पेला संपवून हसत घरी जातो. आमच्याकडे गोष्ट तेथे थांबत नाही. ज्या मनाला पडक्या वाड्यात पिशाच्च दिसते, त्याच मनाला उद्या आजारी मुलाच्या उशाशी शेजारच्या विधवेची ‘करणी’ दिसू लागते. विदर्भाच्या खेड्यापाड्यांत जादूटोण्याच्या संशयावरून माणसांना मारहाण झाली, जीवही घेतले गेले, हे वृत्तपत्रांच्या वाचकाला नव्याने सांगावयास नको. पडक्या किल्ल्यांत गुप्तधन शोधणाऱ्यांचा उपद्रव तर वेगळाच. नागपुरात १९८२ साली अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन झाली ती उगाच नव्हे. २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाली आणि त्यानंतर त्याच वर्षी महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा केला. त्यात सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. परंतु कायदा गुन्हा घडल्यावर येतो. भीती त्याच्या पुष्कळ आधी, आजीच्या मांडीवर, गोष्टीच्या रूपाने येते. गोष्टी बंद करा असे म्हणण्याइतके आम्ही अरसिक नाही. आजीने गोष्ट जरूर सांगावी. शिक्षकाने तिच्यापुढचे प्रकरण सांगावे.

येथे आमच्या शिक्षकबंधूंकडे थोडे गाऱ्हाणे आहे. शाळांच्या सहली दूरदूरच्या स्थळी जातात. जिल्ह्यातल्याच पवनीला, जेथे १९६९-७० च्या उत्खननात प्राचीन बौद्ध स्तूपांचे अवशेष मिळाले, किती शाळा जातात? अंबागडला तर त्याहून कमी. तेथे वर्ग न्यावा, दिवसाउजेडी विहिरीच्या काठापासून सुरक्षित अंतरावर मुलांना बसवावे आणि दंतकथा पूर्ण सांगून मगच विचारावे, ‘हे तुम्हांला खरे वाटते का? खरे की खोटे, ते कसे शोधाल?’ भोसलेकालीन कागदपत्रे कोठे मिळतात, मोडी कोण वाचतो, पाणी कशाने दूषित होते, असे इतिहासाचे आणि विज्ञानाचे दोन्ही तास त्या एका कट्ट्यावर होऊ शकतील. एखादा चौकस विद्यार्थी उद्या दप्तरे चाळू लागला आणि त्याला एका कैद्याचे जरी नाव सापडले, तरी किल्ल्याच्या दाराशी लावलेल्या फलकावर ते लिहावे.