मच्छेच्या शिवारातला ‘झिरो पॉईंट’

बेळगावहून गोव्यात उतरणाऱ्या वाहनांना शहर टाळता यावे म्हणून हलगा-मच्छे बायपास आखला गेला. पण तो जातो शहापूर, वडगाव, अनगोळच्या सुपीक शिवारातून. नोव्हेंबर 2021 मध्ये पोलीस बंदोबस्तात तेथे यंत्रे उतरली, तेव्हा शेतकऱ्यांना आधार उरला तो न्यायालयाचाच. त्यांच्या वकिलांनी मर्मावर बोट ठेवले: या महामार्गाचा ‘झिरो पॉईंट’ नेमका कोठे? आरंभबिंदूच वादग्रस्त असेल, तर पुढचे भूसंपादन कशाच्या आधारे? कामाला स्थगिती मिळाली ती याच वादात.

अमेरिकेत लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को या शहरांचा मुख्य वकील मतदारच निवडतात आणि तो लोकांच्या वतीने बलाढ्य कंपन्यांवरही दावे गुदरतो. आपल्याकडे सरकारी वकील सरकारचीच बाजू मांडणार. शेतकऱ्याला आपला वकील आपल्याच खर्चाने उभा करावा लागतो. सीमाभागात तर सरकारी कागद कन्नडमध्ये, ते आधी समजून घ्यायचे. दरम्यान तारखेमागून तारीख पडते. तेवढ्यात शिवारावर भराव पडला, तर दावा जिंकूनही ती माती परत मिळत नाही. म्हणूनच मच्छेच्या वाटेवर स्थगितीचा अर्ज मूळ दाव्याइतकाच मोलाचा ठरतो.