इंजेक्शनला नावं ठेवण्याआधी

आमच्या ऑफिसात मासे पाळणाऱ्यांची एक छोटी टोळी आहे. मागच्या आठवड्यात टेस्टिंगमधल्या एकाने डबा खाता खाता जाहीर केलं, "मी हॉर्मोनवाले मासे घेतच नाही बाबा. ओन्ली नॅचरल." समोरच्या दोघांनी लगेच माना डोलावल्या. ऑरगॅनिक भेंडी विकत घेतल्यावर माणसाच्या चेहऱ्यावर जे पुण्य जमा होतं, ते त्याच्या चेहऱ्यावर जमा झालेलं बघून माझं डोकं फिरलं. वाद घातला, पण अर्ध्यात मीटिंगची वेळ झाली. उरलेला इथे.

मी रत्नागिरीचा. आमच्याकडे जूनमधले पहिले दोन-तीन पाऊस पडले, वहाळांना लाल पाणी आलं, की चढणीचे मासे सुरू होतात. काजळी नदीतून, खाडीच्या वरच्या अंगाने मासे उलटे वर चढतात. शेताच्या बांधापर्यंत येतात. कशाला? अंडी घालायला. शिंगटीसारखे मिशीवाले मासे, म्हणजे आपल्या टँकवाल्यांच्या भाषेत कॅटफिश, हेही त्यातलेच. वर्षभर तयारी झालेली असते, फक्त सिग्नल यायचा असतो. तो सिग्नल म्हणजे नवीन पाणी, गारवा, पूर.

हा सिग्नल पोचला की मेंदूतून एक हॉर्मोन सुटतं. ते मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीला सांगतं, पिट्युटरी दुसरं हॉर्मोन सोडून अंडाशयाला सांगते, आणि अंडी पिकून सुटतात. या सगळ्यावर डोपामिनचा एक ब्रेक असतो. ऋतू आला नसेल तर ब्रेक दाबलेलाच राहतो. आता आपल्या टू बीएचकेमधल्या तीन फुटी टँकमध्ये ना पूर, ना वहाळ. मादी अंड्यांनी टम्म फुगते आणि तशीच राहते. ब्रेक सुटतच नाही.

इंजेक्शन काय करतं? ओव्हाप्रिम घ्या किंवा मुंबईच्या हेमो फार्माने आणलेलं ओव्हाटाइड घ्या. त्या पहिल्या हॉर्मोनची नक्कल आणि ब्रेक सोडवणारं एक औषध, एवढंच. ओव्हाप्रिममधलं ब्रेक सोडवणारं औषध म्हणजे डोंपेरिडोन, जे आपल्याला उलटी थांबवायला देतात तेच! किलोला साधारण अर्धा मिलीलिटर असा डोस. म्हणजे वीस ग्रॅमच्या माशाला इन्सुलिनच्या सिरिंजवरची जेमतेम एक रेघ. तापमानाप्रमाणे दहा-बारा तासांपासून पुढे अंडी तयार.

थोडक्यात, इंजेक्शन म्हणजे सिरिंजमध्ये भरलेला मृगाचा पाऊस.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे आमच्या टेस्टरला माहीतच नव्हतं. दुकानातून तुम्ही जे पिल्लू आणता त्याला हे इंजेक्शन कधी मिळालेलंच नसतं. ते त्याच्या आईला मिळालं, तेही विणीपुरतं. (खाद्यातून हॉर्मोन चारून रंग चढवणं, सगळे नर बनवणं हा वेगळा धंदा आहे. त्याची वकिली मी करत नाहीये.)

बरं, हे काही कालचं फॅड नाही. १० जुलै १९५७ ला ओडिशात अंगुलला हिरालाल चौधुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिट्युटरीचा अर्क टोचून आपल्या देशी कार्प माशांना बंदिस्त पाण्यात वीण घालायला लावली. त्याआधी रोहू-कटल्याचं बीज नदीतून गोळा करावं लागायचं, आणि त्यात कुठली पिल्लं आली ते देवाला ठाऊक. आज देशभर तळ्यांत जे कार्प वाढतात ते बहुतेक हॅचरीच्या बीजाचे. १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिवस आहे तो याच कामामुळे. कोलकात्याच्या ट्रिपमध्ये रोहू चापून खाल्ली असेल, तर अभिनंदन, तुम्ही हॉर्मोनवाले आहात. :)

आता "नॅचरल" मासा म्हणजे काय ते बघू. ज्या जाती टँकमध्ये आपणहून विणत नाहीत, त्यांच्या बाबतीत नॅचरलचा अर्थ एकच - नदीतून पकडून आणलेला. केरळातला पिवळा कॅटफिश, होराबॅग्रस, हा फक्त पश्चिम घाटातल्या नद्यांतला मासा. खाणारेही धरतात, ॲक्वेरियमवालेही धरतात, आणि आज तो धोक्यातल्या जातींच्या यादीत आहे. त्याची पैदास जमली ती हॉर्मोन टोचूनच. मग पुण्यवान कोण? नदी रिकामी करून आणलेला मासा घेणारा, की हॅचरीतला घेणारा?

म्हणजे मी इंजेक्शनवाल्यांच्या पार्टीत? थांबा. माझं खरं भांडण पुढेच आहे.

अडीच वर्षांपूर्वी एका दुकानातून मी सिनोडॉन्टिसची चार पिल्लं आणली. आफ्रिकन कॅटफिश, अंगावर ठिपके, बऱ्यापैकी महाग. लेबलवर एका जातीचं नाव होतं. मोठे झाले तेव्हा चारही मासे चार प्रकारचे दिसायला लागले. ठिपके एका जातीचे, शेपटी दुसऱ्या जातीची. आठवडाभर फोटो लावून बसलो, एकही कुठे जुळेना. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, "साहेब, इम्पोर्टेड आहेत." जणू इम्पोर्टेड हीच जात!

हे होतं कसं? कॅटफिशला इंजेक्शन दिल्यावर बरेचदा त्यांना एकमेकांवर सोडत नाहीत. मादीचं पोट हलकेच दाबून अंडी थाळीत काढतात, त्यावर नराचं बीज घालतात, पिसाने ढवळतात. नदीत मादी जोडीदार निवडते. जागा, वेळ, वास, सगळं जुळावं लागतं. थाळीत निवड नाही. थाळीत कुणाचंही बीज कुणाच्याही अंड्यांवर घालता येतं. पूर्व युरोपातल्या आणि आग्नेय आशियातल्या फार्म्सवरून असे सिनोडॉन्टिसचे संकर कित्येक वर्षं शुद्ध जातींच्या नावाने विकले जातायत. रेडटेल आणि टायगर शॉव्हेलनोजचा संकर तर राजरोस मिळतो. तीन इंचांचं गोंडस पिल्लू. पुढे त्याला टँक नाही, स्विमिंग पूल लागेल, हे कोण सांगणार? मग एका रात्री बादली, आणि जवळचा तलाव.

तलावात गेलेला मासा परत येत नाही. थायलंडमध्ये देशी मांगूर आणि आफ्रिकन मांगूर यांचा संकर मोठ्या प्रमाणावर वाढवला गेला आणि त्याची जनुकं तिथल्या देशी जातीत शिरलेली सापडली. आपल्याकडे आफ्रिकन मांगूरवर बंदी आहे, तरी चोरून तळी भरलेली होतीच. हरित लवादाच्या २०१९ च्या आदेशानंतर २०२० मध्ये महाराष्ट्रात ३२ टन मासा नष्ट करावा लागला. बत्तीस टन!

आपण प्रोग्रामर लोकांना हे कळायला हवं. इंजेक्शन म्हणजे रूट पासवर्ड आहे. रूट पासवर्ड वाईट नसतो, त्याशिवाय काही कामं होतच नाहीत. पण रूटने लॉगिन करून काय बदललं याची नोंदच न ठेवणारा माणूस तुम्ही एक दिवस तरी टीममध्ये ठेवाल का?

इंजेक्शनची किंमतही असते, ती लपवायची नाही. मांगूरच्या नराचं बीज पोट दाबून निघत नाही, त्याला मारूनच काढावं लागतं. नामशेष होऊ घातलेली जात वाचवायला मी हे समजू शकतो. शोकेसमधल्या शोभेसाठी नाही. आणि ब्राँझ कोरीसारख्या माशाला घरी सुई टोचायला निघालेला उत्साही तर महाआळशी. चांगलं खायला घाल, मग एका संध्याकाळी थोडं पाणी काढून दोन-तीन डिग्री गार पाणी ओत. बऱ्याचदा सकाळी काचेवर अंडी दिसतात. त्याला पाऊस देता येतो, मग सुई कशाला?

तर माझं म्हणणं एवढंच: "हॉर्मोन दिलं का?" हा प्रश्न सोडा. दुकानात तीन प्रश्न विचारा. आई-बाप दोन्ही कुठल्या जातीचे? जन्म कुठे, नदीत की हॅचरीत? आणि पूर्ण वाढल्यावर केवढा होणार? उत्तर नसेल तर पैसे खिशात ठेवा. रत्नागिरीत शिरगावला १९८१ पासून मत्स्य महाविद्यालय आहे, झाडगावच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्रात शोभेच्या माशांचं प्रशिक्षण मिळतं. तिथून शिकलेला कोकणातला पोरगा या तीन प्रश्नांची उत्तरं देऊ शकतो. पण तुम्ही "हॉर्मोनवाला नको" म्हणून त्याला हाकललंत आणि "इम्पोर्टेड" चकाकीला भुललात, तर त्याने हिशोब ठेवायचा कुणासाठी?

गावाला आमच्या शेजारचे काका दर जूनला चढणीचे मासे धरतात. अंडी घालायच्या आधीच. मी एकदा कुरकुर केली तर म्हणाले, "अरे, गाबोळी असते म्हणून तर मजा!" तेही नॅचरलच, नाही का?