हिरव्या पडद्यासमोर मुलांना उभं करा



टीव्हीवर हवामानाचा अंदाज सांगणाऱ्या निवेदिकेमागे अनेकदा कोरा हिरवा पडदा असतो. तो हिरवा रंग काढून त्या जागी नकाशा संगणक बसवतो. हीच करामत आता मोबाइलवर जमते. ती वर्गात आणायची म्हटलं की आपल्याला शिक्षकांना पहिला मोह होतो स्वतः उभं राहून धडा रेकॉर्ड करण्याचा. माझी कळकळीची विनंती आहे, ती जागा मुलांना द्या.

लोणार सरोवराचंच घ्या. त्यावरचे व्हिडिओ हवे तेवढे मिळतात. आपण आणखी एक केल्याने फारसं काही बदलत नाही. पण सातवीतल्या एखाद्या मुलीला या पडद्याच्या मदतीने सरोवराच्या काठावर उभं राहून दोन मिनिटं बोलायचं असेल, तर तिला आधी माहिती शोधावी लागते. उल्का आदळून बेसॉल्ट खडकात झालेलं हे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. पाणी खारं आणि अल्कधर्मी आहे. हे वाचायचं, स्वतःच्या वाक्यांत लिहायचं आणि गटातल्या मुलांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची, यातच खरा अभ्यास होतो.

मागचं चित्र निवडणं हाही अभ्यासच. शोधताना गुलाबी पाण्याचा फोटो हाती लागेल. मुलं म्हणतील, हा खोटा. पण जून २०२०मध्ये लोणारचं पाणी खरोखर गुलाबी झालं होतं. खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे ते झालं, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने केलेल्या तपासणीत आढळलं. मग आपल्या व्हिडिओत कोणता फोटो घ्यायचा आणि का, हे मुलांनाच ठरवू द्या. फोटो कुठून घेतला तेही लिहायला लावा.

खर्चाची धास्ती नको. मोठ्या पन्ह्याचं, न चमकणारं, गडद पोपटी सुती कापड घ्या. सॅटिन टाळा. कापडाला इस्त्री करून ते भिंतीवर ताणून लावा. चुण्या पडल्या की तिथला रंग बदलतो आणि ॲपला तो नीट काढता येत नाही. मूल कापडापासून पाच-सहा फूट पुढे उभं राहिलं, तर सावली पडत नाही आणि कापडाची हिरवी झाक अंगावर येत नाही. उजेड दोन्ही बाजूंनी सारखा हवा. हिरवे कपडे नकोत, नाहीतर तेवढं अंग गायब होतं! गणवेशच हिरवा असेल, तर निळं कापड लावा. मोबाइल स्टुलावर स्थिर ठेवा आणि आवाजासाठी इअरफोनचा माइक वापरा. काइनमास्टरसारख्या ॲपमध्ये आधी मागचं चित्र घ्यायचं, त्यावर व्हिडिओचा थर ठेवायचा आणि ‘क्रोमा की’, म्हणजे मागचा रंग काढून टाकणारी सोय, सुरू करायची. संगणक असेल तर ओबीएस स्टुडिओ मोफत आहे.

हिरवाच रंग का, हेही मुलांना सांगा. तो माणसाच्या त्वचेच्या रंगापासून पुष्कळ वेगळा आहे. शिवाय डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरवर साधारणपणे निम्मे बिंदू हिरव्या रंगासाठी असतात, त्यामुळे तो रंग स्पष्ट टिपला जातो. विज्ञानाचा एक तास इथेच होतो.

आणखी एक लाभ मला सर्वांत मोलाचा वाटतो. वर्गात उभं राहून आपण लोणारला पोहोचल्याचं ज्या मुलाने स्वतः दाखवलं, ते मूल व्हॉट्सॲपवर आलेला प्रत्येक व्हिडिओ खरा मानणार नाही. व्हिडिओ झाल्यावर दहा मिनिटं एवढ्याच विषयावर बोला: आपण काय खरं सांगितलं, काय नुसतं भासवलं आणि बघणाऱ्याला ते कसं कळेल?

काही पथ्यं मात्र कसोशीने पाळा. चित्रीकरणाआधी पालकांची संमती घ्या. व्हिडिओ वर्गात, पालकसभेत दाखवा. मुलांचे चेहरे यूट्यूबवर टाकण्याची घाई करू नका. कॅमेऱ्यासमोर बुजणाऱ्या मुलांवर जबरदस्ती नको. लेखन, चित्रांचा शोध, चित्रीकरण ही कामंही तितकीच महत्त्वाची आहेत. पुढच्या वेळी मात्र कामं बदलून द्या, म्हणजे नेहमीची धीट मुलंच पुढे राहणार नाहीत.

या सत्रात एकच धडा निवडा. एक आठवडा वाचन-लेखनाला द्या, एक दिवस चित्रीकरणाला. व्हिडिओत चुका राहिल्या तरी चालतील. मुलांना प्रश्न विचारा. त्यांची उत्तरं कागद न बघता आली, तर तुमचं काम फत्ते झालं असं समजा.